गुलाबाला पाणी : किती, केव्हा आणि कसे?



मावळ तालुक्यातील लोहगड आणि विसापूर हे दोन किल्ले एकमेकांच्या शेजारी उभे आहेत. त्यांच्या मधोमध गायमुख खिंड आहे आणि खिंडीजवळच, लोहगडाच्या पायथ्याशी, लोहगडवाडी वसली आहे. या डोंगररांगेच्या एका अंगाला पवनेचे खोरे, तर दुसऱ्या अंगाला इंद्रायणीचे खोरे. रांगेवर पडलेल्या पावसाची वाटणी माथ्यावरच होते. लोणावळ्याच्या आसपास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटर आणि काही वर्षी त्याहूनही बराच अधिक पाऊस पडतो. हा जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि उतारावरून वाहून जातो. उरलेले आठ महिने मात्र गडपायथ्याच्या वाड्यांना साठविलेल्या पाण्यावर काढावे लागतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस तर हंड्या-हंड्याचा हिशेब ठेवण्याची पाळी येते.

ही जाणीव या परिसरास नवी नाही. पायथ्याच्या भाजे लेण्यांत कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांपैकी एका टाक्याचे दान महारथी कोसिकीपुत्र विण्हुदत याने दिल्याचे तेथील ब्राह्मी लेखात नमूद आहे. लोहगडावरील सोळा कोनांचा दगडी तलाव नाना फडणिसांच्या काळातील म्हणून दाखविला जातो. देवाधर्माच्या दानांत पाण्याच्या टाक्याला येथे सातवाहनकाळापासून मानाचे स्थान मिळाले, ते उगीच नव्हे.

अशा ठिकाणी गुलाबाला पाणी कसे द्यावे हा विषय काहींना चैनीचा वाटण्याचा संभव आहे. परंतु जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ज्या मराठा दुर्गांचा समावेश झाला, त्या बारा दुर्गांत लोहगडही आहे. गडावर येणाऱ्यांच्या मुक्कामाची घरे, खाणावळींची अंगणे, शाळांची आवारे आणि पंचायतींच्या कचेऱ्या यांच्यापुढे फुलझाडे लावली जातात. त्यांत गुलाबाला पहिली पसंती असते. रोप हौसेने आणले जाते, रोज संध्याकाळी त्यावर रबरी नळीने पाणी सोडले जाते, आणि तरीही वर्ष-दोन वर्षांत झाडाच्या काटक्या होतात. “येथे गुलाब होत नाही” असा निष्कर्ष मग निघतो. वास्तविक याच मावळ तालुक्यातील गुलाब फेब्रुवारीच्या मोसमात परदेशी बाजारात जातो. दोष हवेचा नसून बहुधा पाणी देण्याच्या रीतीचा असतो. आणि ही चुकीची रीत झाड तर मारतेच, शिवाय गावाच्या पिण्याच्या पाण्यातही भागीदारी करते.

प्रथम गुलाबाची खरी गरज किती, हे पाहणे इष्ट ठरेल. शाळेतील गणिताने ते सहज काढता येते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. पुणे जिल्ह्याच्या या भागात एप्रिल-मे महिन्यांत ऊन आणि वारा मिळून हिरव्या झाडाखालील जमिनीतून व त्याच्या पानांतून दिवसाला साधारण सहा-सात मिलिमीटर पाणी नेतात. अंगणातील मध्यम गुलाबाचा घेर दोन फूट धरला, तर त्याची व्याप्ती चौरस मीटरच्या चौथ्या हिश्श्याहून किंचित अधिक भरते. म्हणजे कडक उन्हाळ्यात अशा झाडाला दिवसाला सुमारे दोन लिटर पाणी पुरते, आणि थंडीत त्याच्या निम्मे. दहा झाडांची बाग असेल तर उन्हाळ्यात दिवसाला वीस लिटर, म्हणजे दोन लहान बादल्या.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा. अर्ध्या इंचाच्या नळीतून, दाब बरा असेल तर, मिनिटाला पंधरा लिटरच्या आसपास पाणी पडते. ज्यांना याविषयी शंका असेल त्यांनी बादली आणि घड्याळ घेऊन मोजून पाहावे. शाळेतील मुलांकडून हा प्रयोग करून घेण्यासारखा आहे. अशी नळी वीस मिनिटे बागेत फिरविली की तीनशे लिटर पाणी खर्ची पडते. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले आहे. त्या हिशेबाने हे पाणी पाच माणसांच्या दिवसभराच्या वाट्याहून अधिक झाले. झाडांची गरज वीस लिटरची, आणि खर्च तीनशे लिटरचा! एवढे पाणी पिऊनही झाडे सुकतात, ही खरी नवलाची गोष्ट आहे. तिचे कारण जमिनीत सापडते.

नळीचे किंवा झारीचे पाणी वरवर शिंपडले म्हणजे माती काळी दिसते आणि मन समाधान पावते. प्रत्यक्षात ओल दोन-तीन बोटांच्या खाली गेलेली नसते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती उडून जाते. ओल जेथे असते तेथेच मुळे वाढतात, हा वनस्पतीचा स्वभाव. रोज थोडे थोडे पाणी मिळणाऱ्या गुलाबाची बारीक मुळे म्हणून वरच्या थरात गोळा होतात आणि मार्च महिन्यात गायमुख खिंडीतून कोरडा वारा सुरू झाला की तोच थर सर्वांत आधी तापतो. सुदृढ गुलाबाची अन्नपाणी घेणारी मुळे दीड-दोन वितींपर्यंत खोल गेलेली असावीत. त्यासाठी पाणी तेवढे खोल गेले पाहिजे, आणि दोन पाळ्यांच्या मध्ये वरची माती सुकली पाहिजे. थोडक्यात, दोन लिटर रोज देण्याऐवजी आठ लिटर चौथ्या दिवशी द्यावे. पाणी तेवढेच असते, परिणाम मात्र निराळा होतो.

चौथा दिवस हा काही पंचांगातील मुहूर्त नव्हे. माती बदलली की पाळीही बदलते. लोहगडाच्या उतारावरील माती उथळ व मुरमाड आहे. ती पाणी झटकन पिते आणि तितक्याच झटकन सोडते, म्हणून तेथे सहा लिटर तिसऱ्या दिवशी देणे बरे. खाली भातखाचरातील माती चिकण असते. तिच्यात पाणी सावकाश मुरते आणि बराच काळ टिकते, तेथे आठवड्याने एकदा दिले तरी भागते. नेमके केव्हा द्यावे हे ठरविण्यास बोटाइतके खात्रीचे साधन नाही. बुंध्यापासून वीतभर अंतरावर मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसावे. तेथे माती गार व ओलसर लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. पाणी खोल पोचले की नाही, हे पाहण्यासाठी हातभर लांबीची बारीक लोखंडी सळई वापरावी. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी ती मातीत दाबली असता ओल्या मातीतून सहज उतरते आणि कोरडी माती लागताच अडते. वीतभरातच अडली तर पाणी कमी पडले. मध्येच दगडाला टेकली तर सळई थोडी बाजूला घेऊन पुन्हा पाहावे. मावळच्या जमिनीत ही खबरदारी घ्यावीच लागते.

येथे एका फसव्या खुणेचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. पाणी कमी पडले की गुलाबाची पाने मलूल होतात, पिवळी पडतात, गळतात. पाणी जास्त झाले तरी नेमके हेच घडते. मुळांना पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. मातीतील पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या तर मुळे गुदमरतात, कुजतात आणि भोवती पाणी असूनही झाडाला ते ओढून घेता येत नाही. घरधनी मात्र मलूल पान पाहून आणखी एक बादली ओततो. अंगणातील गुलाबांच्या मृत्यूंचा पंचनामा करण्याची सोय असती, तर तहानेपेक्षा बुडण्याची प्रकरणेच अधिक निघाली असती. म्हणून पान पाहून नव्हे, माती पाहून पाणी द्यावे. दुपारच्या उन्हात मान टाकलेली कोवळी फूट संध्याकाळी पुन्हा ताठ झाली तर झाडाचे काही बिघडलेले नाही. सकाळीही ती मलूलच असेल तर मात्र बोट मातीत घालावे आणि मगच बादलीला हात लावावा.

हा बुडण्याचा धोका लोहगडवाडीसारख्या ठिकाणी पावसाळ्यात कमालीचा वाढतो. कातळात किंवा कठीण मुरमात दोन फुटांचा खड्डा खणून त्यात खाचराची चिकण माती व शेणखत भरण्याची पद्धत सर्रास दिसते. असा खड्डा म्हणजे दगडी वाटीच होय. जुलैच्या संततधारेत त्यात पाणी तुंबते आणि झाड दोन महिने त्यातच उभे राहते. यावर उपाय लागवडीच्या वेळीच करावयाचा असतो. चांगली माती, कुजलेले शेणखत आणि जाड वाळू किंवा बारीक मुरूम यांचे मिश्रण भरावे. झाड जमिनीच्या पातळीपेक्षा वीतभर उंच गादीवाफ्यावर लावावे आणि उताराच्या बाजूने खड्ड्यातील पाण्याला वाट काढून द्यावी. डोळा भरलेली जागा, म्हणजे कलमाची गाठ, मातीच्या वर राहील याकडेही लक्ष द्यावे.

पाणी कोठे द्यावे, याचे उत्तर सोपे आहे. मुळे असतील तेथे. बुंध्यावर पाण्याची धार सोडल्याने साल सतत ओली राहते आणि मुळे उघडी पडतात. बुंध्याभोवती मातीची लहान भर घालून तिच्या बाहेर, झाडाच्या घेराइतके गोल आळे करावे आणि पाणी या आळ्यात सावकाश ओतावे. पहिला तांब्या मुरला की दुसरा. घाई केली तर पाणी आळे फोडून वाटेवर जाते. उन्हात पडलेल्या नळीतील पहिले पाणी बरेच तापलेले असते. ते बादलीत काढून गार होऊ द्यावे, थेट मुळांवर सोडू नये.

वेळ सकाळची उत्तम. त्यामागे दोन कारणे आहेत. सकाळी वारा मंद व ऊन कोवळे असल्याने पाणी वाया न जाता मुरते. दुसरे कारण रोगाचे आहे. गुलाबाच्या पानांवर काळे गोल डाग पडून पाने पिवळी होतात व झाड उघडे पडते, तो काळ्या ठिपक्यांचा रोग बुरशीमुळे होतो. या बुरशीचे बीजाणू पानात शिरण्यास पान सलग सुमारे सात तास ओले राहावे लागते. संध्याकाळी पानांवर मारलेले पाणी रात्रभर सुकत नाही आणि बुरशीला हवे ते सात तास बिनबोभाट मिळतात. सकाळी चुकून पाने भिजली तरी दहा वाजेपर्यंत ती कोरडी होतात. ज्यांना नोकरीमुळे सकाळी सवड नाही त्यांनी संध्याकाळी पाणी देण्यास हरकत नाही, मात्र ते आळ्यातच द्यावे. पाने धुण्याला एकच अपवाद आहे. उन्हाळ्यात लाल कोळी ही कीड पानांच्या खालच्या बाजूस जाळी धरते. तेव्हा सकाळच्या प्रहरी पानांच्या पाठीवर पाण्याचा फवारा मारणे उपयुक्त ठरते.

पावसाळ्यात पाने ओली राहणे कोणाच्याच हाती नाही. त्या काळात गळलेली रोगट पाने वेचून दूर नेणे आणि झाडे मोकळ्या, वारा खेळणाऱ्या जागी ठेवणे एवढेच करता येते. मावळात हरितगृहांचा प्रसार का झाला, याचे एक उत्तर येथेच मिळते. हरितगृह म्हणजे झाडाला ऊब देणारे घर अशी एक समजूत आहे. थंड देशांत ते खरेही आहे. मावळात मात्र हरितगृह ही प्रामुख्याने गुलाबाची छत्री आहे. प्लॅस्टिकच्या छपरामुळे पाऊस पानांवर पडत नाही आणि पाणी किती द्यायचे हे आभाळाऐवजी शेतकरी ठरवितो.

तळेगाव दाभाडे येथे औद्योगिक विकास महामंडळाचे फुलशेतीसाठी राखलेले क्षेत्र आहे. राज्य कृषी पणन मंडळाची राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थाही तेथेच असून हरितगृह व्यवस्थापनाचे प्रशिक्षण तेथे दिले जाते. या भागातील गुलाब उत्पादक ठिबक सिंचनाने झाडामागे दिवसाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी देतात. अंगणातील गुलाबाला दोन लिटर आणि हरितगृहातील गुलाबाला पाऊण लिटर, हे कसे, असा प्रश्न साहजिकच पडेल. हरितगृहात एका चौरस मीटरमध्ये सहा-सात झाडे असतात, प्रत्येकाचा घेर लहान असतो आणि वाऱ्याचा मारा नसतो. जागेच्या हिशेबाने दोन्ही आकडे एकमेकांपासून फार दूर नाहीत. त्या उत्पादकांकडून घ्यावयाचा धडा यंत्रसामग्रीचा नसून मापाचा आहे. दिलेले पाणी ते लिटरात सांगू शकतात. अंगणात पाणी देणारा बहुधा ते मिनिटांतही सांगू शकत नाही.

ठिबकची सोय घरच्या बागेतही अवघड नाही. उंचावर ठेवलेले दोनशे लिटरचे पिंप, त्याला गाळणी, एक बारीक नळी आणि प्रत्येक झाडाला दोन तोट्या. ताशी चार लिटरच्या दोन तोट्या तासभर चालल्या की आठ लिटरांची पाळी पूर्ण होते. पिंपाची उंची कमी असेल तर तोट्या सावकाश गळतात, म्हणून पहिल्या दिवशी तोटीखाली भांडे ठेवून माप घ्यावे आणि त्याप्रमाणे वेळ वाढवावी.

आच्छादनाचा उपयोग तर मावळात प्रत्येकाने करावा. हा भाताचा मुलूख आहे. “इंद्रायणी” हा प्रसिद्ध भात वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने दिला. मळणीनंतर उरलेला मोडका पेंढा, भाताचे तूस, झाडांचा पालापाचोळा यांचा तीन-चार बोटे जाडीचा थर आळ्यात पसरला तर जमिनीतून उडून जाणारे पाणी पुष्कळच वाचते, माती तापत नाही आणि तणही माजत नाही. थर बुंध्याला चिकटू देऊ नये. जनावरे पेंढा ओढतात अशी तक्रार असते. त्यावर कुंपण हाच उपाय, आणि तो गुलाबासाठी तसाही करावाच लागतो.

सांडपाण्याविषयी दोन शब्द. भाज्या, तांदूळ, डाळी धुतलेले पाणी निःशंकपणे घालावे. आंघोळीचे पाणी अधूनमधून चालते. कपड्यांच्या साबणचुऱ्याचे पाणी मात्र टाळावे. त्यातील सोडियममुळे चिकण माती आवळून घट्ट होते आणि पुढे पाणी मुरेनासे होते. सलाइनच्या वापरलेल्या बाटल्या आणून ठिबक करण्याची टूम काही ठिकाणी निघाली आहे. कल्पना चतुर असली तरी त्या बाटल्या वैद्यकीय कचरा आहेत आणि २०१६ च्या नियमांनुसार त्यांची विल्हेवाट दवाखान्यानेच लावावयाची असते. शाळेच्या आवारात तर त्या मुळीच आणू नयेत.

कुंडीतील गुलाबाचा हिशेब वेगळा. मातीचा साठाच लहान असल्याने उन्हाळ्यात त्याला रोज पाणी लागते. तळाच्या भोकातून थेंब पडू लागेपर्यंत पाणी द्यावे व थांबावे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. त्याने मुळे कुजतात, शिवाय अंडी घालणाऱ्या डेंग्यूच्या डासाला तीच जागा पसंत पडते. गावात आठवड्याचा कोरडा दिवस पाळला जात असेल तर पिंपे व रांजण यांच्याबरोबर या ताटल्याही त्या दिवशी पालथ्या कराव्यात.

वर्षभर पाण्याचे प्रमाण एकच ठेवणे हीसुद्धा चूक होय. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी करतात. छाटणीच्या आधी काही दिवस पाणी कमी करावे. छाटलेल्या झाडावर पानेच नसतात, म्हणजे पाणी बाहेर टाकणारे दारच बंद असते. अशा झाडाला पूर्वीइतके पाणी देणे म्हणजे मुळांना बुडविणे. नवी फूट बोटभर झाल्यावर पाणी हळूहळू वाढवावे. कळ्या धरल्यावर मात्र ताण पडू देऊ नये, अन्यथा फूल लहान राहते व देठ आखूड होतो. गावठी गुलाबाची झाडे जुनी व खोल मुळांची झाली की बरीच काटक असतात. पाण्याची ओढ असलेल्या वाडीत मोठ्या फुलांच्या नाजूक जातींपेक्षा त्यांचीच निवड करणे शहाणपणाचे, आणि त्यांच्या पाकळ्यांचा गुलकंदही होतो.

शेवटी शाळांच्या बागांविषयी. जून ते एप्रिल मुलांनी जपलेले गुलाब मे महिन्याच्या सुट्टीत मरतात, हे शिक्षकांच्या परिचयाचे आहे. शिपायाने रोज यावे ही अपेक्षा व्यवहार्य नसते. अशा ठिकाणी मडक्याची जुनी पद्धत कामास येते. चकाकी दिलेले किंवा रंगविलेले मडके घेऊ नये. साधे, भाजलेले, पाझरणारे मडके घ्यावे. झाडापासून वीतभर अंतरावर ते गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि तोंडावर सपाट दगड ठेवावा. भोवतालची माती सुकेल तसे मडके पाझरते आणि माती ओली असेल तर पाझर आपोआप मंदावतो. आठ-दहा लिटरचे मडके मुरमाड जमिनीत तीन-चार दिवस आणि चिकण जमिनीत त्याहून अधिक काळ पुरते. म्हणजे आठवड्यातून दोन फेऱ्यांत काम भागते, आणि त्या फेऱ्या शाळेजवळ राहणाऱ्या चार मुलांत वाटून देता येतात. मडकी मार्चअखेर पुरावीत, कारण मुळांना त्या ओलीकडे वळण्यास काही आठवडे लागतात. सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी पुरलेल्या मडक्याचा उपयोग थोडाच होतो. पावसाची पहिली मोठी सर येताच मडकी काढून धुऊन पालथी ठेवावीत, आळ्यांचे बांध फोडावेत आणि पाण्याला उताराकडे वाट करून द्यावी. त्या दिवसापासून सप्टेंबर संपेपर्यंत लोहगडाच्या पायथ्याशी जमिनीत लावलेल्या गुलाबाला बादलीची गरज क्वचितच पडते.